शेपटीवरची मेंदी

मी एका प्रोफेसरला गंडवलं आहे, आणि तेही उंदराच्या शेपटीवरून. कोणी विश्वास ठेवणार नाही, पैज लावा. परळच्या लॅबमध्ये कामाला असताना एका घुशीने माझी चप्पल ओढून नेली आणि आठवड्याने जोडीची दुसरी मागायला आली, ही गोष्ट लोक निमूट ऐकून घेतात. ही मात्र सुरू केली की शेजारचा शिमोन घड्याळ बघतो आणि आमची सिपोरा कुकर लावायला उठते. बायको आहे, तिला सगळं ठाऊक असतं असं तिला वाटतं. तुम्ही तरी बसा.

साल १९९९. यरुशलेमला टेकडीवरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये मी प्राणिघर सांभाळत होतो. तळघरातली जागा, खिडकी नाही, दिवे घड्याळावर लागायचे आणि घड्याळावर विझायचे. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या. परळला बावीस वर्षं हेच केलं होतं, त्यामुळे इथे आल्यावर भाषा नवी शिकावी लागली, पण उंदीर ओळखीचे निघाले.

वरच्या मजल्यावर दाना नावाची मुलगी डॉक्टरेट करत होती. जन्म इथलाच, पण तिची आजी गेउला आमच्यासारखीच मराठी ज्यू, रेवदंड्याची. आजीने नातीच्या कानात मराठी घातली, जिभेपर्यंत ती पोचली नाही. मी मराठीत विचारायचो, ती हिब्रूत उत्तर द्यायची, आणि मध्येच 'शौलअंकल' एवढंच आमच्या पद्धतीने म्हणायची. तेवढ्यावर मी तिच्यासाठी चार जिने चढून जायचो.

तिचं काम काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माणसाच्या मुलीची छाती वयात येताना भरते. आत दुधाच्या नळ्यांचं एक झाड वाढत असतं. बोंडापासून निघतं, फांद्या फोडत फोडत चरबीत घुसतं. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक फुगीर कोंब असतो, तो वाट काढत पुढे जातो. उंदराच्या मादीत हे सगळं चार-पाच आठवड्यांत उरकतं, म्हणून शास्त्रज्ञ उंदीर पाळतात. आता गंमत अशी, की या कोंबांभोवती रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा घोळका असतो. ज्यांचं काम जंतू गिळायचं, त्या पेशी. तिथे जखम नाही, जंतू नाही, ताप नाही. मग या तिथे उभ्या राहून करतात काय? त्यांतल्या एका जातीचं नाव मॅक्रोफेज, दुसरीचं इओसिनोफिल. मी त्यांना खादाड आणि तांबडी म्हणायचो. दानाचं म्हणणं असं होतं, की या पेशी तिथे पहारा देत नाहीत, बांधकाम करतात. मेलेला कचरा खातात, धागे घालतात, कोंबाला पुढची वाट मोकळी करून देतात. त्या नसतील तर झाड वाढणारच नाही.

मी तिला विचारलं, म्हणजे आपल्या गेटवरचा उरी रोज सकाळी माझी पिशवी चाचपतो, आणि तूच म्हणतेस की ही इमारतही त्यानेच बांधली? तिने हातमोज्यांच्या खोक्यावर ते लिहून घेतलं. शास्त्रात माझी भर ती एवढीच, असं सिपोरा म्हणते. मेंदीचं ती सोयीने विसरते.

हे सिद्ध करायचं तर गवंडी काढून घ्यायचे आणि इमारत वाढते का बघायचं. दानाने तीन आठवड्यांच्या सोळा पांढऱ्या माद्या घेतल्या. मी त्यांना पोरी म्हणायचो. सगळ्यांना किरण दिले. त्याने हाडांतला मगज मरतो आणि पांढऱ्या पेशी तयार व्हायच्या थांबतात. मग शेपटीतल्या शिरेत सुई टोचून आठ जणींना धडधाकट बहिणीचा मगज दिला, म्हणजे गवंडी परत. उरलेल्या आठ जणींना नुसतं मिठाचं पाणी. सगळ्या पिंजऱ्यांत दोन्हीकडच्या मिसळून ठेवल्या, हवापाणी सारखं मिळावं म्हणून.

आता ओळखायच्या कशा? उंदराचा कान थोडा कातरून खूण करायची रीत आहे. दाना ऐकेना. कान कातरला की जखम, जखम झाली की पांढऱ्या पेशी तिकडे धावणार, आणि आपण मोजतोय त्याच. सुईची एक जखम झाली तेवढी पुरे, म्हणाली. मग शेपटीवर पेनाने रेघा मारायला लागली. मगज न दिलेलीला एक रेघ, दिलेलीला दोन. पोरी त्या रेघा दोन दिवसांत चाटून साफ करायच्या. मग पुन्हा पकडा, पुन्हा रेघा. पोरी बिथरायच्या, दाना रडकुंडीला यायची.

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचं, रूतचं लग्न झालं. आमच्यात मेंदीच्या दिवशी म्हाताऱ्यालाही सोडत नाहीत. माझं बोट दहा दिवस तांबडंलाल होतं. ब्लीचच्या बादलीत हात घालूनही रंग हलला नाही. दाना त्या बोटाकडे बघत राहिली, मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी मी सिपोराच्या फडताळातून उरलेली मेंदी उचलून आणली. ती रमल्याच्या इंडियन दुकानातली होती आणि सिपोराने ती धाकट्या मुलीसाठी राखून ठेवली होती. तो एक वेगळा तंटा आहे.

दाना हुशार पोरगी. आधी दुसऱ्याच चार उंदरांना लावून बघितली. मेंदीने कातडी सुजते का, पेशी गोळा होतात का, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. काही नाही. मग आमच्या सोळा पोरींना मेंदी लागली. मी लावली. काडीने, केसाएवढी बारीक रेघ, अशी की नवरीच्या बहिणींनी बघत राहावं. वरच्या मजल्यावरचे सगळे तळघरात बघायला आले. दानाचा गाइड प्रोफेसर यारोनही आला. मला तो विचारायला लागला, गाणी म्हणणार का? मी म्हटलं, म्हणतो, पण आधी नवरदेव दाखवा.

यारोन माणूस वाईट नव्हता. हिवाळ्यातही सँडल घालायचा, विद्यार्थ्यांनी नावाने हाक मारली तरी त्याला काही वाटायचं नाही. पण घाईत असायचा. अमेरिकेत कोणीतरी याच प्रश्नामागे लागलंय अशी कुणकुण होती. त्याने दानाला सांगून ठेवलं होतं, या वेळी उत्तर लखलखीत पाहिजे. नाहीतर उन्हाळ्यापासून तिने दुसरा विषय घ्यायचा, पहिल्यापासून. तिची चार वर्षं या झाडात गेली होती.

दुसऱ्या आठवड्यात दोन रेघांची एक पोर मेली. मी रजिस्टरात लिहिलं. उरल्या पंधरा. मेंदी फिकी व्हायला लागली तसा एकदा पुन्हा हात फिरवला. आणि मग थांबणं आलं.

थांबणं मला जमत नाही. पोरींनाही जमत नव्हतं. जाळीला लोंबकळायच्या, भुशात बोगदे काढायच्या, एकमेकींच्या अंगावरून धावायच्या. मी स्वच्छ पिंजरे पुन्हा धुवायचो. दाना दिवसातून तीनदा खाली यायची, काही न करता परत जायची. लिफ्ट असताना जिन्याने. तिच्या चपलांचा आवाज मला पाठ झाला होता.

दिवस भरले. प्रत्येक पोरीच्या रेघा नंबरासकट यादीत उतरवून तिची मागच्या पायाजवळची एक ग्रंथी काढून काचेवर पसरली आणि तांबड्या रंगात भिजत घातली. तो रंग किडे वाटून करतात. आमच्या धर्मात किडे निषिद्ध, पण खायचा नव्हता, म्हणून मी चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी काचा उजेडाला धरल्या तर प्रत्येकीवर एक तांबडं झाड. मध्ये एक काळपट गाठ असते, तिथवर झाड पोचलं का, यावरून वाढ कळते. दोन रेघांच्या सातही जणींची झाडं गाठ ओलांडून पार पलीकडे गेली होती. एका रेघेच्या पोरींची झाडं बोंडापाशीच खुरटलेली, पावसाविना राहिलेल्या रोपासारखी. एक, दोन, तीन, अशा सात जणी. दानाचा हात माझ्या दंडावर होता आणि प्रत्येक काचेला तो घट्ट व्हायचा.

आठवी काच, अकरा नंबरची पोर. शेपटीवर एक रेघ. आणि झाड भरगच्च, गाठीच्या पलीकडे, टोकाटोकाला कोंब.

दानाने हात काढून घेतला.

यारोनने काच बघितली आणि बराच वेळ पायाचा अंगठा हलवत बसला. मग म्हणाला, आठांतली एक म्हणजे थोडीथोडकी नाही. गवंडी नसतानाही इमारत उभी राहते असं ती एकटी सांगते. अदलाबदल झाली असेल तर शोधून काढा, मग तिला यादीतून काढता येईल. झाली नसेल तर विषय संपला. सोमवारपर्यंत वेळ दिला.

दाना सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. बुधवारी बाहेर आली नाही, गुरुवारी आली तेव्हा डोळे लाल. माझ्या बाजूने गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी समजलो, पोर आत बसून रडते आहे.

माझ्या पायाला भिंगरी लागली. शुक्रवारी पाव आणायला निघालो तो मध्यवर्ती बसस्टँडवर जाऊन पोचलो आणि पार दक्षिण टोकाच्या एलातच्या बसच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाईने विचारलं, एलातला कोण आहे? तेव्हा लक्षात आलं, कोणीच नाही. संध्याकाळी शब्बाथच्या टेबलावर किद्दुशची प्रार्थना म्हणताना दोनदा अडखळलो. सिपोरा म्हणाली, बसा तरी एका जागी, नाहीतर सिनेगॉगपर्यंत जाऊन या, तिथे तरी तुमची कोणाला अडचण होणार नाही. सिनेगॉगात गेलो. माझ्या डोक्यात प्रार्थना नव्हती, उंदीर होते. आठ आणि सात, आठ आणि सात.

कारण अदलाबदल झाली म्हणायचं तर आकडे जुळले पाहिजेत. दोन रेघांची एखादी पोर चुकून एका रेघेची झाली, तर एका रेघेच्या नऊ व्हायला हव्या होत्या. होत्या आठच. हा गुंता शनिवारच्या दुपारी, सगळी वसाहत झोपलेली असताना, आमच्या ब्लॉकभोवती सातवी फेरी मारताना सुटला. मेलेली पोर! ती खरं एका रेघेची होती, रजिस्टरात मी दोन रेघा लिहिल्या. पुढे मेंदी पुन्हा लावायच्या दिवशी बघतो तर रजिस्टराप्रमाणे एका रेघेच्या आठ हव्यात आणि पिंजऱ्यात सातच. मी घाबरलो. एका पोरीच्या रेघा फिकट होत्या, तिला एकच ओढून आठ पुऱ्या केल्या. तीच अकरा नंबर. म्हणजे तिला मगज मिळालेला, म्हणून झाड वाढलं. बसलं सगळं. कुठे टाका दिसत नव्हता.

मी स्वतःवर इतका खूश झालो की आठवी फेरी मारली.

आता तुम्ही म्हणाल, यारोन काय दूधखुळा होता? तो मला ओळखून होता. घुशीची गोष्ट त्याने दोनदा ऐकली होती, अरादच्या वाळवंटात मी उंटिणीला मराठी शिकवली तीही ऐकली होती. तरी त्याने ही मानली, आणि का ते मला त्याच्या खोलीत उभं राहिल्यावर कळलं. माझ्या सगळ्या थापांत मी बहाद्दर असतो. या एकीत मी मूर्ख होतो, भित्रा होतो, नोकरी जाईल असं काम केलेला म्हातारा होतो. असलं कोण स्वतःहून रचणार?

सोमवारी सकाळी आठला मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं ओकलो. मेलेली पोर, चुकलेलं रजिस्टर, फिकट रेघा, भीती. त्याने तीन प्रश्न विचारले. मी तीन उत्तरं दिली, तिसऱ्याला थोडा रडलोही. हिब्रूत 'अहोजाहो' नाही, लहान-मोठा सगळ्यांना एकाच मापाने बोलतात. पण त्या दिवशी त्याचा आवाजच खाली आला होता. मला म्हणाला, ऑफिसला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. त्याने सुस्कारा टाकला, आणि तो माझ्या नोकरीसाठी नव्हता हे मलाही समजलं. उत्तर लखलखीत झालं होतं. लाल पेन्सिल घेऊन त्याने यादीतल्या अकरा नंबरवर काट मारली.

तेवढ्यात दार न वाजवता दाना आत आली. हातात काचांचा ट्रे, केस विंचरलेले नाहीत, आणि चेहरा असा की मी दोन पावलं मागे सरलो. ती रडलेली नव्हती. चार दिवस झोपलेली नव्हती.

मी तिथे आहे हे तिने बघितलंच नाही. यारोनच्या टेबलावर छोटा सूक्ष्मदर्शक होता, त्याखाली एक काच सरकवली आणि भराभरा बोलायला लागली. पोरींच्या दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी तिने जपून ठेवल्या होत्या. त्यांचे पापुद्र्यासारखे काप काढून तिने पेशी रंगवल्या होत्या. खुरटलेल्या सातही जणींच्या कोंबांभोवती ओसाड होतं, एखाददुसरी पेशी. अकरा नंबरच्या कोंबांभोवती मात्र त्या होत्या. मानेशी खादाड, डोक्याशी तांबड्या, पुरा घोळका. किरण देताना आठ-आठ पोरी एका डब्यात असतात, घाबरून एकमेकींच्या अंगावर चढतात. ही सगळ्यांच्या खाली दबली असणार, हिचा थोडा मगज वाचला, आणि त्याने पेशी पुन्हा उभ्या केल्या. म्हणजे ही पोर आमच्या विरुद्ध बोलत नाही, सगळ्यांत मोठ्याने आमच्याच बाजूने बोलते. मगज आम्ही दिला नव्हता, तरी जिथे पेशी आल्या तिथे झाड आलं.

यारोनने डोळा लावून बघितलं. मान हलवली. मग खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, पेशी असणारच. तिला मगज दिलेलाच होता. शौलने आत्ताच सांगितलं सगळं.

आणि माझी गोष्ट त्याने तिला पहिल्यापासून सांगितली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. मी तिथे उभा राहून ती ऐकत होतो, आणि तिच्या हातातल्या काचांची काय किंमत उरली ते मला वाक्यागणिक कळत होतं. पोर दोन रेघांची ठरली की तिच्यातल्या पेशी म्हणजे काही नवल नाही. चार दिवस डोळे फोडून तिने जे शोधलं, ते मी शनिवारच्या एका दुपारी, फेऱ्या मारताना, पुसून टाकलं होतं. थाप इतकी घट्ट विणली होती की मलाच तिचं सुटं टोक सापडेना. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

दाना माझ्याकडे वळली. तिने विचारलं, "शौलअंकल, दुसऱ्यांदा मेंदी कोणी लावली?"

मी म्हटलं, "मी."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. मी ते खिशात घातले.

"हे खोटं बोलतायत, यारोन," ती म्हणाली. "त्यांचे हात थरथरतात. पहिल्या दिवशीही थरथरत होते. त्यांनी फक्त शेपट्या धरल्या. एकूण एक रेघ मी ओढली आहे."